पाव काढ, करपतील

"पुन्हा एकदा सांगा. आणि या वेळी दुधाचं विसरू नका," बाई म्हणाल्या.

समोर बसलेल्या नर्सने हातातला रुमाल चुरगाळला. "पण बाई, हे जाताना काहीच बोलले नव्हते. चपला घातल्या आणि गेले."

"ठाऊक आहे मला. पण नुसतं 'गेले' म्हटलं की ऐकणाऱ्याला काय दिसतं? तो बिचारा सकाळपासून तेच ऐकत बसलेला असतो. त्याला ते दूध दिसलं पाहिजे. 'गॅस बंद कर, दूध उतू जाईल.' एवढंच घालायचं. बाकी सगळं तुमचं खरंच आहे की."

बाकी सगळं खरंच होतं. नर्सच्या नवऱ्याला दारातून उचलून नेलं, तो परत आला नाही, आणि ती पदरच्या पोरीला घेऊन देश सोडून निघाली, यात तिळमात्र खोट नव्हती. इथे राहू द्या म्हणायचं तर हे सगळं एका अधिकाऱ्यासमोर बसून सांगावं लागे. त्याला पटलं तर परवानगी, नाही पटलं तर परत. परत म्हणजे काय, हे निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेच्या त्या हॉलमध्ये कोणी कोणाला समजावून सांगत नसे.

हॉल म्हणजे एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. एका बाजूला लोकांनी दिलेल्या कोटांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चहाचं पिंप, आणि प्लायवुडच्या आडोशामागे बाईंचं टेबल. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर मुलांना भाषणं शिकवून कप आणवले होते. घरी आता त्यांचं बोलणं सून ऐकून घेई, पण भाजी निवडता निवडता. मुलगा म्हणायचा, "आई, या वयात लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस?" बाई उत्तर देत नसत. आडोशामागे माणसं त्यांचा शब्द झेलत होती, आणि ती चटक मुलाला सांगण्यासारखी नव्हती.

दुधाचं हे वाक्य मात्र बाईंचं नव्हतं. ते बेकरीवाल्याचं होतं.

बेकरीवाला संस्थेत आला तेव्हा त्याला इथली भाषा धड येत नव्हती. ती बाईंनीच शिकवली. पुरेसे शब्द जमले, तेव्हा एक दिवस त्याने आपणहून सांगितलं.

"ते लोक बेकरीत आले. माझा ट्रे भट्टीत होता. भावाला धरलं. दारात तो वळला. मला म्हणाला, 'पाव काढ, करपतील.' मी पाव काढले, बाई. सगळे काढले. मग बाहेर आलो. रस्त्यावर कोणी नव्हतं."

बाई त्या दिवशी रडल्या. ते रडणं खरं होतं, त्यात शंका नको. पण डोळे पुसता पुसताच त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. सांगावं तर असं, त्यांना वाटलं. मारहाण, बंदुका सगळेच सांगतात; ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालतो तो हा करपणारा पाव.

बेकरीवाल्याच्या सुनावणीची तारीख काही ना काही कारणाने पुढे ढकलली जात होती. मधल्या काळात बाकीच्यांच्या तारखा आल्या. इलेक्ट्रिशियन सांगताना नुसता अडखळायचा. त्याच्या बापाच्या तोंडी बाईंनी "इस्त्री चालू आहे, बघ" घातलं. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या मुलाला जाताना "खिडकी लावा" म्हणायला लावलं. दोघांचंही काम झालं. मग नर्सचंही झालं. तिची पोरगी शाळेत जाऊ लागली, हॉलमध्ये येऊन नव्या भाषेतल्या कविता म्हणून दाखवू लागली. संस्थेच्या वार्षिक सभेत बाईंसाठी टाळ्या वाजल्या. आपण कोणाच्या घरातलं उचलून कोणाला वाटतोय, हा विचार बाईंच्या मनाला शिवला नाही. चांगलं उदाहरण एका वर्गात दिलं म्हणून दुसऱ्या वर्गात देऊ नये, असं कुठल्या शाळेत असतं?

शेवटी बेकरीवाल्याची तारीख आली आणि गेली. संस्थेची वकील हॉलमध्ये आली ती थेट आडोशामागे. तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"नाकारलं."

"का?" बाईंनी विचारलं.

"अधिकारी म्हणाला, तुमच्या संस्थेतून येणाऱ्या प्रत्येकाचा माणूस जाताना घरातलं काम सांगून जातो. कोणी दूध, कोणी इस्त्री, कोणी खिडकी. आता हा पाव. म्हणाला, हे पढवलेलं आहे. आणि हे खोटं, तर बाकीचं मी खरं का मानू?"

"पण त्याचं खरं आहे," बाई म्हणाल्या.

वकील टेबलावर वाकली. "आणि बाकीच्यांचं?"

बाई टेबलावरचे कागद सरळ करू लागल्या.

"तुम्ही अपिलात येऊन सांगाल हे?" तिने आवाज खाली आणला. "त्याचं सुटेल कदाचित. पण मग बाकीच्यांच्या फाइली पुन्हा उघडतील, एवढं लक्षात घ्या. नर्सचीसुद्धा."

आडोशापलीकडे नर्सची पोरगी कोटांच्या ढिगात लपून खिदळत होती.

बेकरीवाल्याला सांगायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. तो चहाच्या पिंपाजवळ कप विसळत होता. बाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो कप विसळायचा थांबला नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "नर्सताईंनीच सांगितलं होतं. खूश होत्या. म्हणाल्या, बाईंनी किती छान वाक्य दिलं."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? दूध परत घ्या म्हणू?" त्याने कप पालथा घातला. "माझा भाऊ मेल्यावर सगळ्यांच्या उपयोगी पडला. माझ्या तेवढा नाही पडला."

"मी येते अपिलाला. सांगते सगळं," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. तो नाही म्हणेल का, हेच त्या बघत होत्या.

त्याला ते कळलं. "राहू द्या," तो म्हणाला. "ती पोरगी शाळेत जाते."

बाईंना हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज त्यांना मरेपर्यंत पुरणार होती.

"तुम्ही मागितलं असतं तर मी दिलं असतं, बाई," तो म्हणाला. "मागितलं नाहीत." आणि त्याने पुढचा कप घेतला.

अपिलासाठी वकिलाने एकच मार्ग सुचवला. वेगळा अधिकारी असेल. त्याला सांगताना भावाचे शब्द गाळायचे. मागच्या वेळी ऐकताना गोंधळ झाला म्हणायचं. पण मग भावाला नेत असताना हा आत काय करत होता, याचं उत्तर लागणार होतं. तेही तिनेच दिलं. बेकरीवाल्याकडून तयारी करून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बाईच टेबलापलीकडे अधिकारी होऊन बसल्या.

"तुमच्या भावाला नेलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"भट्टीपाशी."

"त्याच्यामागे का गेला नाहीत?"

बेकरीवाल्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मनगटांवर भट्टीचे जुने डाग होते.

"भ्यालो."

"जाताना तो तुम्हाला काही म्हणाला?"

बाईंना वाटलं, आता हा उठेल. खुर्ची ढकलून निघून गेला तर बरं, असंही वाटलं. तो उठला नाही. त्यांच्याकडे नीट बघत, एकेक शब्द स्पष्ट उच्चारत, त्यांनीच शिकवलेल्या भाषेत म्हणाला,

"नाही. काहीच म्हणाला नाही."

मग वर्गातली मुलं विचारतात तसं त्याने विचारलं, "जमलं, बाई?"

"जमलं," बाई म्हणाल्या.