दहावर लाभ

प्रीतीनं पूरग्रस्तांच्या यादीची वही टेबलावर पालथी टाकली, साडी वर खोचली आणि शाळेच्या खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. पुढं रस्ता होता. म्हणजे परवापर्यंत होता. आता तिथून पंचगंगा वाहत होती आणि त्या पाण्यावर एक काहील डुलत येत होती. गुऱ्हाळात जिच्यात उसाचा रस आटवतात ती भलीमोठी लोखंडी कढई. पुरात तिचीच होडी झाली होती. आत माणसं, एक शेळी, आणि डोक्यावरून खताच्या पिशवीची खोळ ओढून बांबूनं काहील रेटणारा एक गडी. दोन वर्षांपूर्वी टँकरच्या रांगेत भांडणाऱ्या लोकांना यंदा पाण्यानंच घराबाहेर काढलं होतं.

काहील पायरीला टेकली. खोळवाला एकेकाच्या पाठीला हात लावून उतरवू लागला.

"लाभ... दोन... तीन..."

प्रीतीनं कान टवकारले. एक न म्हणता 'लाभ' म्हणून मोजायला सुरुवात करतात ते धान्य मापणारे. तिचा बाप आकाराम शाहूपुरीतल्या एका धान्याच्या दुकानात मापाडी होता. मग दुकानात नवा काटा आला, माप कोपऱ्यात गेलं आणि आकाराम घरी बसला. एके दिवशी जेवताना बायको काहीतरी टोचून बोलली. तो ताटावरून उठला तो गेलाच. ती गोष्ट त्र्याण्णव सालची. तेव्हा दहा वर्षांची असलेली प्रीती आता बावीस वर्षांची होती.

कळायला लागल्यापासून ती बापाला शोधत होती. बिद्रीला ऊसतोडीत दिसला असं कुणी सांगितलं, ती बिद्रीला गेली. मलकापुरात तर एका अनोळखी म्हाताऱ्याचा हात धरून रडली. त्या बिचाऱ्यानं चहा पाजून तिला एसटीत बसवून दिलं. गेल्या मे महिन्यात याच शाळेतल्या प्रसेनजीत मास्तरांशी तिचं लग्न झालं, तेव्हाही मांडवात तिचे डोळे फाटकाकडं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. प्रीतीनं स्वतःला आवरलं. लाभ म्हणणारे मापाडी जिल्ह्यात शंभर तरी असतील.

पण एक खूण होती. बाकीचे मापाडी दहानंतर सरळ अकरा म्हणत. आकाराम म्हणायचा, "धावर लाभ." दुकानात सगळे त्याची टिंगल करायचे, पण त्यानं ते कधी सोडलं नाही.

"सहा... सात," खोळवाला म्हणाला. "अजून पाच हाईत पल्याड. आलोच." आणि काहील वळवलीसुद्धा.

सात. शेळी धरली तरी आठ. प्रीती धावत मागच्या पडवीत गेली. तिची आई बनाबाई तिथं भाकऱ्या थापत होती. नदीकडची तिची खोली बुडाली म्हणून तिला परवा इथं आणलं होतं. पण बसून खायचा स्वभाव नव्हता, आल्या आल्या तिनं चूल ताब्यात घेतली होती.

"आई, बाहेर आण्णा हाईत, असं वाटतंय."

"मलकापुरातबी हुताच की."

"ह्ये लाभ म्हणत्यात."

"म्हणू दे. त्यो आला तरी मला हाक मारू नगंस. भाकरी करपंल."

भाकरी करपलीच.

काहील परत यायला अर्धा तास लागला. तेवढ्यात प्रीतीनं यादीत एकाच माणसाचं नाव दोनदा लिहिलं, शेळीवाल्याला शेळीचं वय विचारलं आणि काहील दिसताच पुन्हा पायरी गाठली.

"आठ... नऊ... धा..."

अकरावी एक आजी होती आणि ती उतरेना. आधी माझी कोंबड्यांची पाटी घ्या म्हणाली. पाटी घेतली. मग तिची चप्पल सापडेना. ती सापडली, तर तिला पायरी निसरडी वाटली. प्रीतीला वाटलं, आता आपणच म्हातारीला उचलून आणावं. शेवटी खोळवाल्यानं तिला दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवलं.

"धावर लाभ."

आपण गुडघाभर पाण्यात कधी उतरलो हे प्रीतीला कळलं नाही.

"आण्णा."

त्यानं खोळ मागं सारली. दाढी पांढरी झाली होती, गाल आत गेले होते.

"मी प्रीती."

"थांब बाळ," तो कसाबसा म्हणाला, "अजून एक मानूस आत हाय."

बारावा माणूस उतरला. आकारामनं काहील खांबाला बांधली आणि प्रीतीच्या मागोमाग टेबलापाशी आला. हसावं, रडावं, का ओरडून सगळ्या शाळेला सांगावं, हेच तिला सुचेना. म्हणून तिनं वही उघडली.

"नाव सांगा."

"तुला म्हाईत हाय की."

"सगळ्यांना इचारलंय."

"आकाराम भिवा कांबळे."

"ऱ्हाता कुठं?"

"पल्याडच्या गुऱ्हाळात. चार सालं झाली."

पल्याड म्हणजे अर्धा कोस. ती मलकापूरला गेली तेव्हा हा अर्ध्या कोसावर होता.

"घराकडं यायचं न्हाय व्हय?"

"गल्लीच्या तोंडापतूर चारदा आलतो. फुडं पाय उचलला न्हाय."

"घरची मानसं किती?"

आकारामनं मान खाली घातली. "ते तुझ्या आईला इचारून लिव."

प्रीतीला कुठला धीर? तिनं तीन लिहून टाकलं. तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की बनाबाई मागं येऊन उभी आहे. हाताला पीठ तसंच होतं. तिनं आकारामला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"लई वाळलाईसा," ती म्हणाली.

मग ती वहीवर वाकली.

"ह्ये तीन कुठनं काढलंस?"

प्रीतीनं वहीवर हात ठेवला.

"खोड ते," बनाबाई म्हणाली. "तू आता प्रसेनजीतच्या घरची. आनि ह्यांना येगळी ओळ कशाला पायजे? परवा माझ्या नावाफुडं एक लिवलंयस न्हवं?"

"व्हय."

"तिथं दोन कर."