मिठावरची नजर

आमच्या घराला भुताळ्यांचं घर म्हणायला लागले ते माझ्या आजीपासून. भामा तिचं नाव, गव्हाणची सुईण. एकीचं मूल पोटातच मेलं, म्हणून गावानं हिला हाकललं. ती पनवेलच्या खाडीकाठी येऊन राहिली आणि पुन्हा लोकांचीच बाळंतपणं करू लागली. माझी आय गुणाबाई तिच्याकडून शिकली, मी आयकडून. पोट दुखलं की आमच्या दारात यायचं आणि बरं वाटलं की आमची सावली टाळायची, ही इथली रीत.

देश स्वतंत्र झाला होता. आमच्या घराला ते कोणी कळवलं नव्हतं.

काशिरामचं मोठं मिठागर. त्याच्या पोराला हगवण लागली तेव्हा आय न बोलावता गेली. "पेज पाज, आणि पनवेलच्या दवाखान्यात ने," म्हणाली. काशिरामनं तिला उंबरा ओलांडू दिला नाही. बुधाजी भगताला आणून अंगारा लावत बसला. पोर गेलं. बायको अंगावर धावून आली तेव्हा हा मर्द म्हणाला, "गुणीनं त्याला काढा पाजला. मी बघितला."

बुधाजीनं तांदूळ टाकून कौल लावला आणि भुताळी म्हणून आयचं नाव काढलं. देवळासमोर तिला चिंचेच्या फोकांनी झोडली. फौजदार आला, चहा पिऊन गेला. आय त्या मारातून उठली नाही.

तिचं नाव धुऊन काढायचं, तेही काशिरामच्याच तोंडून, एवढंच मी ठरवलं.

पुढच्या उन्हाळ्यात आगरात मीठ धरलं आणि मी त्याच्या बांधावर जाऊन बसले. मंत्र नाही, लिंबू नाही. नुसती मिठाकडे बघत बसले.

मीठ ओढणाऱ्या बायका पाट्या टाकून पळाल्या. बाजारात त्या मिठाला कोणी हात लावीना. पोराची नजर काढायला जे मीठ मुठीत घ्यायचं, त्यालाच भुताळीची नजर! कोण घेईल?

काशिराम धावत आला. "ऊठ गो हौसे! बांध माझा हाय."

"डोळे माझे हायत."

"तंगड्या तोडीन!"

"तोड की. ये, हात लाव."

तो पुढे आला नाही. भुताळी त्यानंच रचली होती आणि आता तोच तिला भीत होता!

वैशाख सरत आला. मीठ आगरातच पडून. पाऊस आला की सगळं वाहून जाणार. मग तो आला, पटका हातात घेऊन.

"काय पायजे गो बाय तुला?"

"माझ्या आयनं तुझ्या पोराला शिवलं पण नवतं. देवळासमोर सांग."

"मंग उठशील?"

"उठेन."

त्यानं सांगितलं, सगळ्या गावादेखत. "मी लबाड बोललो. गुणाबाईला मी दारातच अडवली. ती भुताळी नवती, ही पोर पण नाय. चला आता मीठ ओढायला."

कोणी हललं नाही. मग म्हातारी कमळाबाई छाती पिटत ओरडली, "अगो बाय! याच्या तोंडातनं गुणीच बोलते! पोरीनं आय घातली याच्या अंगात!"

माणसं मागे सरली. बुधाजीनं चिंचेचा फोक मागवला. "धरा त्याला! गुणे, सोड याला!"

पहिला फटका बसला तसा काशिराम माझ्याकडे बघून केकाटला, "हौसे, सांग गो यांना!"

आयचं नाव या गावात कधीच धुतलं जाणार नाही, हे मला तिथं कळलं. खरं बोलणारा झपाटलेलाच ठरणार असेल, तर धुवायचं कुणाच्या तोंडून?

बुधाजी माझ्याकडे वळला. आवाज मऊ झाला होता. "हौसाबाय, सोड याला. काय पायजे ते बोल."

"सोडते," मी म्हणाले. "पयले तू सांग. तांदूळ टाकलेस तवा माझ्या आयचं नाव तांदळानं काढलं, का याच्या सांगण्यावरनं तू काढलंस?"

फोक हवेतच राहिला. याच्या सांगण्यावरनं म्हणाला असता, तर गावानं त्यालाही झपाटलेला म्हणून धरला असता. तांदळानं म्हणायचं, तर खरं माहीत असलेला काशिराम पायाशी पडून त्याच्याकडेच बघत होता. कपाळावरचा अंगारा घामानं नाकावर ओघळला. दोन गडी त्याच्यापासून हळूच बाजूला झाले.

"बोल बुधाजी," मी म्हणाले. "मला घाई नाय."