तिसरी चकती आणि भिंतीपलीकडची मावशी

माझ्या अंगावर आठ रबरी चकत्या आहेत, मित्रांनो, आणि त्यांतली तिसरी चांगलीच खोल गेली आहे. मी ताल वाजवणारा एक म्हातारा विजेचा डबा आहे. कार्ताहेनाच्या बंदरात जहाजातून उतरलो तो थेट गल्लीत गाणी लावून लोकांना नाचवणाऱ्या नाफेरच्या हाती पडलो. नाफेरचा पिको, म्हणजे माणसाहून उंच, रंगवलेल्या स्पीकरांची भिंत, आमच्या गल्लीत ‘वेडा पेलिकन’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या शेजारच्या टेबलावर माझी जागा.

गाणे संपत आले की नाफेर त्या गाण्यातला गिटारचा एकच तुकडा धरून ठेवतो. तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि माझ्या तिसऱ्या चकतीवर बोट पडू लागते. धप, धप, धप. तेच ते! पण काय सांगू, जोडपी एकेका फरशीवर, पाऊलभरही न सरकता नाचतात. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे वाट पाहणे सुटते, आणि ते सुटले की कान तीक्ष्ण होतात. नाफेरचे बोट केसभर उशिरा पडले तरी सारी गल्ली एकदम ओरडते. एवढासा मी, आणि तीनशे माणसे माझ्या ठोक्यावर एक होतात! मला याचे आजही नवल वाटते.

आणि त्याच ठोक्याने एव्हरलिदेस मावशींचे कपाळ दुखते. मावशी शेजारी राहतात, पायमशीनवर कपडे शिवतात. यंदा नियम आला की लगतच्या प्रत्येक घराची सही हवी, नाहीतर पिको गल्लीतून कायमचा हलवायचा. सगळ्यांनी सह्या केल्या. उरल्या मावशी.

“करा की सही, मावशी,” नाफेर दारात उभा राहून म्हणाला. “तुम्हाला त्रास नको म्हणून तर पेलिकनची पाठ तुमच्याकडे करतो.”

“उपकार झाले! अकरा वर्षं डोक्यात खिळा ठोकतोयस. तेच तेच, तेच तेच!”

“मग तुमचं मशीन तरी कुठं वेगळं गातं?”

“ते माझ्या पायाखाली आहे रे. मी थांबले की थांबतं. तुझं कोण थांबवणार?”

मावशींनी नाफेरला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवले आणि त्याच्या बायकोला, यादिराला, हाक मारून पिको लावायला सांगितले. यादिराने गाणे लावले, मला बडवले. थोड्या वेळाने नाफेर परत आला तो तोंड उतरवूनच.

“गिटार नाही, गाणारा नाही,” तो यादिराला म्हणाला. “भिंतीतून नुसते धपके येतात, फळीवरची झाकणं थडथडतात. अगं, अकरा वर्षं आपण मावशींना नुसता चोथा पाठवलाय!”

मी खजील झालो. ते धपके माझे होते.

मावशींनी सही केली, पण दोन अटी घातल्या. “माझ्याकडे पाठ करायची नाही, आणि मी हात वर केला की थांबायचं.”

रविवारी दुपारी सहा जणांनी पेलिकन ढकलत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि त्याचे तोंड मावशींच्या दाराकडे केले. मावशी गळ्यात मापाची टेप घालून, हाताची घडी करून उंबऱ्यात उभ्या. गिटारचा तुकडा फिरू लागला. हळूहळू त्यांचा उजवा पाय, मशीनचा पाय, हलायला लागला. त्यांनी खाली पाहिले आणि त्या पायावरच डोळे वटारले.

नाच ऐन रंगात आला, आणि मावशींनी हात वर केला.

नाफेरचे बोट माझ्यावर हवेतच अडले. त्याने गिटारचा तुकडाही बंद केला. तीनशे माणसे एका पायावर उभी राहावीत तशी थबकली. तळणीतल्या मक्याच्या अरेपांचा चुरचुर आवाज ऐकू येत होता. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती, आणि ती एका म्हाताऱ्या हाताने केली होती.

“काय झालं, मावशी?” नाफेर ओरडला.

“काही नाही. थांबतं का ते बघत होते,” मावशी म्हणाल्या. हात खाली आला. “कर सुरू. आवडलं असं मी म्हटलेलं नाही हं!”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या डब्यांवरची धूळ पुसत जा, चकत्या जपा. पण वाजवण्याआधी एकदा भिंतीपलीकडच्या खुर्चीत बसून या.