चिखलातला दिवा आणि मूठभर हळद

मित्रांनो, मी एकटा बोलत नाही. आम्ही रंगाच्या जुन्या बादल्यांतल्या चिखलाचे जिवाणू आहोत, आणि आम्ही वीज तयार करतो. हसलात ना? हसा खुशाल! चिमूटभर चिखलात आमची एवढी वस्ती असते, की तुमचं वसमत शहर तिच्यापुढे वाडी वाटेल.

आमचा जन्म हट्टा गावच्या उकंडरावांच्या गोठ्यामागच्या नालीत झाला. तिथे गाळात हवा पोचत नसे, शेणमूत मात्र भरपूर. खाऊनपिऊन सुखी होतो, पण कुणाच्या खिजगणतीत नव्हतो. उकंडरावांची मुलगी मंजुषा वसमतच्या कॉलेजात विज्ञान शिकते. तिने तो गाळ उपसून बादल्यांत भरला आणि वर पाणी ओतलं. टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या काळ्या कांड्या घेतल्या. प्रत्येक बादलीत एक कांडी गाळात पुरली, एक वर पाण्यात टांगली आणि साऱ्या बादल्या तारेने एकमेकींना जोडल्या.

आम्ही अन्न खातो तेव्हा विजेचे बारीक कण मोकळे होतात. तुमच्या अंगात असे कण शेवटी हवेतला प्राणवायू घेतो. गाळात तो नाही, म्हणून आम्ही ते कांडीला देतो. कांडीतून ते तारेत जातात आणि तारेतून दिव्यात. थोड्याच दिवसांत गव्हाच्या दाण्याएवढा लाल दिवा लागला आणि गोठ्यात जत्रा भरली! 'चिखलातून लाईट!' म्हणत लोक वाकून वाकून पाहत. आम्ही तर फुशारून गेलो.

उकंडरावांना मात्र हळदीच्या हंगामासाठी बादल्या हव्या होत्या. ते लेकीला म्हणाले, "जवर दिवा लागून राहिला तवर बादल्या तुझ्या. इझला की गाळ उकिरड्यावर." उकिरड्यावर ऊन आणि वारा. आमच्यासाठी ते मरणच.

घात झाला तो मायेपोटी. घरात नवं यंत्र आलं की त्याला हळदकुंकू लावायचं, ही मंजुषाची आई आशाबाई यांची रीत. एवढी माणसं बघून जातात, नजर लागेल, म्हणून त्यांनी बादल्यांची पूजा केली. बाहेरून बोट लावून त्यांचं समाधान होईना. घरच्या शेतातली हळद मूठमूठ आत टाकली आणि काठीने ढवळली. "समद्यायला बराबर लागू दे," म्हणाल्या.

अहो, काय तो हाहाकार! वरून हवा घुसली, आतून हळद झोंबली. आमची भरली वस्ती उठली. दिवा विझला.

उकंडरावांनी लगेच एका बादलीची कडी धरली. मंजुषाने पिवळं पाणी पाहिलं आणि ती आईकडे वळली.

"आई, हळद काहून टाकलीस?"

"हळदीनं कुणाचं वाईट व्हतं व्हय?"

"जखमेत तू हळद भरतीस ते जंतू मरावं म्हणूनच ना? आई, ह्ये बी जंतूच हायत."

आशाबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातली कडी धरली. "ठिवा खाली. माझ्या हातानं मेले, माझ्याच हातानं जगवीन."

"जगव. पर हळद काढून व्हईपस्तोर," उकंडराव म्हणाले.

आशाबाईंनी मंजुषाकडून सगळं समजून घेतलं. पिवळं पाणी हळूच काढून टाकलं, ताजं भरलं. रोज थोडं गुळाचं पाणी आणि शेणकाला दिला. कुणी काठी घालायला आलं की त्याच्यावर खेकसल्या. कांड्यांना चिकटून आमच्यातले थोडे वाचले होते. एकाचे दोन, दोनाचे चार होत गेलो. आम्ही काही कच्च्या गुरूचे चेले नाही!

हळद निघाली. उकंडराव बादल्या न्यायला गोठ्यात आले, तर दिवा मिणमिणत होता. त्यांनी तळहाताची सावली धरून पुन्हा पाहिलं आणि ते शेजारी बादल्या मागायला गेले. मंजुषा टाळ्या पिटत नाचली. आशाबाई मात्र वाकून बादलीत बघत होत्या.

"जे मेले ते कितीक असतील गं?"

"लई, आई. मोजता न्हाई यायचे."

आशाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. जंतूंसाठी रडणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं. आम्हाला फार भरून आलं.

मित्रांनो, कुणालाही जीव लावाल तेव्हा त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि आम्हाला तोंड नाही, मग विचारायचं कसं? दिव्याकडे बघा. तो लागलेला असला, की समजा आमचं बरं चाललंय.