मोटारीवाचून सात दिवस

कोलोंबा दान्यीनोच्या स्वयंपाकघरात दोन वर्षं कॅलेंडर नव्हतं. खिळा होता, खिळ्याखाली भिंतीवर पांढरा चौकोन होता, पण कॅलेंडर नव्हतं. त्यामुळे सुनेचं पत्र आलं तेव्हा तारखा मोजायला ती पाव भाजणाऱ्याकडचा पिवळा कागद घेऊन बसली. त्यावर तेलाचे डाग होते. असू देत. तेलाचा डाग पडला नाही असा कागद जेनोआत कुणाच्या घरी सापडला तर ते घर उपाशी समजावं.

पत्र चारच ओळींचं होतं. तरी तिसरीपर्यंत शिकलेल्या कोलोंबानं ते बोट फिरवत तीनदा वाचलं. ऑर्नेलानं लिहिलं होतं, 'शाळा सुटली की नीवेसला सात दिवस पाठवते. ती मोटारीत बसत नाही. टॅक्सीत नाही, बसमध्येही नाही. आगगाडी चालते. हे सात दिवस नीट गेले तर दर उन्हाळ्यात येईल. नाही गेले तर पुन्हा विचारू नका.'

नीवेस म्हणजे इवानोची मुलगी, वय वर्षं दहा. आणि इवानो म्हणजे कोलोंबाचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, पावसात, जुन्या घाटरस्त्याच्या एका वळणावर त्याची मोटार घसरून झाडावर आदळली, आणि तो गेला. तेव्हापासून पोरगी आईबरोबर तोरिनोतल्या त्यांच्या घरीच, आणि कोलोंबा इथे, चौथ्या मजल्यावर. मधे फक्त नाताळाची पत्रं.

"विचारू नका म्हणे," कोलोंबा शेजारच्या बाचिचाला म्हणाली. "माझ्याच नातीला माझ्याकडे पाठवायचं, आणि वर परीक्षा घ्यायची."

बाचिचा जन्मभर डोंगरावर चढणारी दोरीची गाडी चालवून निवृत्त झालेला. डोंगराला जेवढं सोसायला लागत नाही तेवढं तो कोलोंबाचं सोसत आला होता. "परीक्षा सोपी आहे की," तो म्हणाला. "आपल्या बोळांतून मोटार जायची म्हणजे तिला पोट आत ओढून घ्यावं लागेल."

"बोळातच बसवून ठेवू का पोरीला सात दिवस? मांजर आहे का ती?"

तिनं कागदावर सात चौकोन काढले. अक्षरापेक्षा चित्राला वेळ कमी लागतो, म्हणून चित्रं काढली. सोमवारी उद्वाहक, टेकडीवर नेणारा, वर बर्फाचा गोळा. मंगळवारी किनाऱ्यावरच्या पेल्यीला जाणारी बोट. बुधवारी दातेरी रुळांची गाडी. गुरुवारी आगगाडीनं कामोल्यी. शुक्रवारी समुद्राकाठानं चालत बोक्कादास्से, शनिवारी नेर्वीच्या कड्यावरची पायवाट. सातवा चौकोन रिकामा राहिला.

"रविवारी काय?" बाचिचानं विचारलं.

"सातव्या दिवशी देवानंही विश्रांती घेतली होती."

"देवाचे गुडघे तुझ्यापेक्षा बरे होते, तरी."

नुसतं कागदावर काढून भागत नाही हे तिला ठाऊक होतं. जून महिनाभर ती एकेक चौकोन स्वतः चालून आली. घरापासून उद्वाहकापर्यंत दोनशे अकरा पायऱ्या, आणि मधे एक रस्ता आडवा, मोटारींचा. तो टाळायला तिनं धोब्याच्या अंगणातून वाट शोधली. धोबी कुरकुरला, तेव्हा त्याच्या बापाच्या लग्नात काय काय झालं होतं त्याची तिनं त्याला आठवण करून दिली, आणि दार उघडलं. पेल्यीच्या बोटीत तिला ओकारी झाली. नवरा तीस वर्षं बंदरात जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, आणि बायको किनाऱ्यापासून शंभर हातांवर पांढरीफटक! बाचिचानं ते बाजारभर केलं. कोलोंबानं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोटीत बसली. पोरीसमोर ओकायचं नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी ऑर्नेलानं पोरगी स्टेशनावर आणून सोडली. घरी आली नाही. त्याच फलाटावरून परतीची गाडी धरली. जाताना म्हणाली, "पुढच्या सोमवारी सकाळी येते न्यायला. तुमचा सल्ला नको, आई, फक्त तिला सांभाळा."

नीवेस बापासारखीच. कपाळ तेच, आणि बोलण्याआधी नाक खाजवायची सवय तीच. भिंतीवर, रिकाम्या खिळ्याला, पिवळा कागद टांगलेला तिनं पाहिला.

"आजी, हा बाथटब कशाला?"

"बोट आहे ती. तुमच्या तोरिनोत समुद्र नाही, म्हणून तुला कळायचं नाही."

"आणि ही इस्त्री?"

"आगगाडी! शाळेत डोळे तपासत नाहीत वाटतं तुमचे."

पोरगी हसली नाही, पण नाक खाजवलं. कोलोंबाला तेवढं पुरलं.

दिवस ठरल्यासारखे गेले. सकाळी दुधाच्या कॉफीत फोकाच्चा, म्हणजे तेला-मिठाचा चपटा पाव, बुडवायचा, तोही पालथा, मिठाची बाजू जिभेवर येईल असा. नीवेसनं पहिल्या दिवशी सुलटा खाल्ला, दुसऱ्या दिवसापासून पालथा. बोटीत कोलोंबा दातओठ खाऊन बसली आणि जिंकली. बुधवारी दातेरी गाडीत बाचिचानं पोरीला चालकाच्या मागे उभं केलं, आणि ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. कोलोंबानं तोंड खिडकीकडे वळवलं. इवानोचं हसणंही असंच फुटायचं, टोपण उडाल्यासारखं. शुक्रवारी बोळाच्या तोंडाशी भाजीचा छोटा टेम्पो मागे मागे येत राहिला, तेव्हा नीवेस भिंतीला पाठ लावून लाकडासारखी उभी राहिली. कोलोंबा टेम्पोसमोर गेली आणि चालकाला असं काही सुनावलं की तो अर्धं कलिंगड देऊन गेला.

म्हणजे परीक्षा पास होत आली होती. दर उन्हाळ्याला सात दिवस. कोलोंबा शहात्तर वर्षांची होती. असे किती उन्हाळे मिळतील ते तिनं मनात मोजलंही.

शनिवारी संध्याकाळी नेर्वीहून परतल्यावर नीवेसनं पेन्सिल घेतली, स्टुलावर चढली, आणि सातव्या चौकोनात एक वाकडी रेघ काढली. रेघेच्या कडेला झाड.

"उद्या इथे," ती म्हणाली.

कोलोंबाला विचारावं लागलं नाही. "तिथे मोटारीशिवाय जाता येत नाही, बाळा."

"येतं. कांपो लिगुरेपर्यंत आगगाडी आहे. तिथून अडीच किलोमीटर, चालत. मी शाळेच्या नकाशात बघून ठेवलंय. आई नेत नाही. आई म्हणते तिथे काही नाही."

"बरोबरच म्हणते."

"मग जायला काय हरकत आहे?"

बापाचीच पोर. कोलोंबाच्या तोंडाशी गुडघे आले होते, ऊन आलं होतं, रविवारची प्रार्थना आली होती. एकही सबब धड बाहेर पडली नाही. आजवर ठरवलेला एकही चौकोन तिनं मोडला नव्हता. हा मोडला असता तर पोरगी सोमवारी आईला काय सांगणार होती?

रस्ता जुना, शांत होता. मोटारी सगळ्या वरच्या महामार्गावरून जात होत्या. तरी लांबून आवाज आला की दोघी कडेच्या गवतात उतरून उभ्या राहत. कोलोंबा दर पाव तासाला दगडावर बसे. नीवेस थांबे. चौथ्या दगडानंतर ते वळण आलं. चेस्टनटचं झाड होतं. बुंध्यावर माणसाच्या उंचीची साल गेलेली, आणि जखमेच्या कडा आत वळून फुगलेल्या.

नीवेसनं हात लावून बघितलं. मग गवतात बसली. बराच वेळ बसली. उठताना तिच्या हाती काहीतरी लागलं. तळहाताएवढा जाड काचेचा तुकडा, हिरवा.

"बाबांच्या गाडीची काच हिरवी नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"मग ही कसली?"

कोलोंबा म्हणू शकली असती, कुणीतरी फेकलेली बाटली. पोरीला पटलंही असतं. खोटं बोलायला ती कच्ची नव्हती, तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

"बुधल्याची," ती म्हणाली. "पन्नास लिटरचा काचेचा बुधला. दरसाल तुझा बाबा डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याकडून आपल्यासाठी द्राक्षांची दारू आणायचा, आणि मग आपण सगळे मिळून बाटल्या भरायचो. उतरत्या चंद्रातच भरायच्या असतात. वाढत्या चंद्रात भरलेली दारू शहाणी राहत नाही, बाटलीत उसळते."

"माहितीय. बाबा त्या दिवशी म्हणाले होते, आजीचा चंद्र."

कोलोंबा झाडाला टेकली. "मी आदल्या दिवशी, शनिवारी, फोन केला त्याला. म्हटलं, उद्याच्या उद्या घेऊन ये, परवा अमावास्या, मग चंद्र फिरला की वर्षभराची दारू वाया जाईल. तो म्हणाला, पाऊस आहे. मी म्हटलं, पाऊस काय, तू काय साखरेचा आहेस? महामार्गानं येऊ नकोस, मालगाड्यांच्या गर्दीत बुधला हिंदकळेल, जुन्या घाटानं सावकाश ये."

"म्हणून बाबा इथून आले."

"म्हणून. पण तेवढंच नाही, नीवेस. अमावास्या नव्हती. रविवारपासून मोजलं तरी चंद्र फिरायला नऊ दिवस होते. कॅलेंडर माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. तो नाताळापासून आला नव्हता, आणि मला तो रविवारी जेवायला हवा होता. 'ये रे, आठवण येते' असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. म्हणून चंद्राचं नाव घेतलं."

नीवेसनं नाक खाजवलं. मग बोटांवर मोजलं.

"म्हणजे पुढच्या रविवारीही चाललं असतं."

"चाललं असतं."

"पुढच्या रविवारी ऊन होतं," पोरगी म्हणाली.

ती रडली नाही. रडली असती तर कोलोंबाला तिला जवळ घेता आलं असतं. काच तिनं होती तिथेच गवतात ठेवली आणि उताराला लागली. परतीच्या गाडीत शेजारची जागा मोकळी असून ती समोरच्या बाकावर बसली.

घरी आल्यावर पोरगी न जेवता झोपायच्या खोलीत गेली. बाहेर अजून उजेड होता. कोलोंबानं फोन उचलला. आपलं पाप आपल्यापाशी ठेवायला तिची हरकत नव्हती, दोन वर्षं ठेवलंच होतं. पण आता ते दहा वर्षांच्या पोरीच्या दप्तरात जाणार होतं, आणि ती आईपासून ते लपवत बसणार होती. तेवढं हलकट व्हायला कोलोंबा तयार नव्हती.

तिनं ऑर्नेलाला सगळं सांगितलं. चंद्र, नऊ दिवस, जेवण.

"आई," ऑर्नेला म्हणाली, "आमच्याही घरी कॅलेंडर आहे. त्या सकाळी इवानोनं ते बघितलं होतं. हसला. म्हणाला, चंद्राला नऊ दिवस आहेत, म्हातारीला करमत नाहीये, जाऊन येतो."

"त्याला कळलं होतं?"

"तुमचं खोटं त्याला लहानपणापासून कळत होतं."

"आणि तुला माहीत होतं. दोन वर्षं. बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. तुमच्या तोंडून एकदा तरी स्वतःची चूक बाहेर पडते का, मला बघायचं होतं. पोरीला विचारा. ती येते म्हणाली तर पाठवीन. मी स्टेशनापर्यंतच येणार. वर नाही. रागावू नका, मला जमणार नाही."

कोलोंबानं फोन जागेवर ठेवला.

सोमवारी सकाळी नीवेसनं फोकाच्चा पालथा खाल्ला. बाचिचानं पिशवी स्टेशनापर्यंत नेली आणि पोरीला चालकाची जुनी टोपी दिली. फलाटावर ऑर्नेला उभी होती, डोळे सुजलेले. दोघी बायकांनी एकमेकींकडे बघून मान हलवली.

गाडीच्या दारात चढून नीवेस मागे वळली.

"आजी, पुढच्या वर्षी सहाच दिवस."

"बरं," कोलोंबा म्हणाली.

"सातवा नको."

"नको."

गाडी बोगद्यात शिरेपर्यंत कोलोंबा उभी होती. मग ती घरी आली. धोब्याच्या अंगणातून आली, आता कारण नव्हतं तरी. चौथ्या मजल्यावर न जाता सरळ तळघरात उतरली. तिथे दोन वर्षांपूर्वी धुऊन पालथ्या घातलेल्या सहासष्ट बाटल्या होत्या, त्या बुधल्यासाठी. टोपलीत बसतील तेवढ्या घेऊन ती कोपऱ्यावरच्या काचेच्या कचरापेटीपाशी गेली आणि एकेक करून आत टाकू लागली. सगळा बोळ खणखणत होता.

"काय गं, भर दुपारी?" बाचिचा खिडकीतून ओरडला. "चंद्र बघितलास का? उतरता आहे की वाढता?"

"बघितला नाही," कोलोंबा म्हणाली, आणि दुसरी टोपली भरायला खाली गेली.