बसण्यासाठी नव्वद

"पाटी वाच वं बाई! 'बसण्यासाठी नव्वद' लिहेल हाय तिच्यावर. लोळासाठी नाही लिहेल!"

ती पाटी म्हणजे मी. जलंब-खामगाव गाडीच्या डब्यात दाराशी ठोकलेली. भांडण मघापासून पेटलंय आणि साक्षीला मला ओढलंय, तर बोलतेच आता.

हे ओरडणारे शंकरराव, खामगावचे बियाण्याचे दुकानदार. आख्ख्या बाकावर पिशव्या पसरून बसलेत. पुढ्यात उभी आहे जनकाबाई. तिचा नवरा इंद्रभान डब्यातच खाली, बाकांमधल्या वाटेत पडलाय. कपाशीवर औषध फवारता फवारता त्याला भोवळ आली. आता डोळ्यांना दिसत नाही, तोंडाला फेस. दवाखाना खामगावात.

"सरका ना हो! लोकाइचे पाय लागून राह्यले यायले."

"म्या तिकीट काढलं. तिकडं परदेशात समुद्राखालून गाडी जाते, या देशातून त्या देशात. ठरल्यावर एक माणूस जास्त घेत नाही! म्हणून ते लोक पुढं गेले."

"त्याइच्या गाडीत पिशव्या बसते का बाकावर?"

लोक हसले. हललं कोणी नाही.

अहो, समुद्राखाली आकडा कशाला पाळतात? आग लागली तर भुयारातून सगळे जिवंत निघावेत म्हणून. मलाही कारखान्यात त्याचसाठी रंगवलं होतं. पण बाजाराच्या दिवशी दुप्पट माणसं कोंबली, तेव्हा मला कोणी वाचलं? माझ्यावर पानाच्या पिचकाऱ्या मारल्या, बोटाचा चुना पुसला. रंग उडाला, गंज चढला. मला वाचतात ते फक्त दुसऱ्याला हाकलायचं असलं की. गंजून गळून पडू द्या मला, पण माणसाच्या जिवावर उठून वाचू नका.

जनकाबाईनं पदर खोचला. तिचा राग कशाचा, ते याच डब्यातल्या बोलण्यातून मला ठाऊक आहे. बीटीच्या, म्हणजे स्वतःच अळी मारणाऱ्या कपाशीच्या, पाकिटासोबत साध्या कपाशीची एक छोटी पुडी येते. ती शेताच्या कडेनं लावायची, अळीला तेवढी जागा सोडायची, म्हणजे बीटी पचवायची ताकद तिला लवकर येत नाही. पण हेच शंकरराव दुकानात सांगायचे, "फेका ते पुडी, जागा काऊन वाया घालता?" गावानं फेकली. यंदा गुलाबी अळी बोंडाबोंडात शिरली. फवारा लागणारच नाही म्हणून घेतलेल्या कपाशीवर इंद्रभान रोज पंप पाठीवर घेऊन फिरला.

मग पिशव्या खाली उतरल्या. शंकरराव मान खाली घालून दाराशी, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. जनकाबाई एवढंच बोलली होती:

"अळीले कडेची जागा देऊ देली नाही तुमी, शंकरराव, तं तिनं आख्खं वावर खाल्लं, आता माणसाले बाक नाही देत, तं माह्यं कुंकू खाता काय?"