रोवळी, मेथी आणि तोळदिल्ल

मित्रांनो, मी एक जुनी जर्मनची रोवळी आहे. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. सोलापुरात त्याला जर्मन म्हणतात. परदेशाशी माझा याहून जास्त संबंध नाही. माझ्या अंगाला सगळीकडे भोकं आहेत. इतर भांड्यांना एक भोक पडलं तरी त्यांना भंगारात टाकतात. मला मात्र भोकं पाडूनच दुकानात मांडलं होतं. त्यामुळं मी लहानपणापासून आशावादी आहे.

वळसंगच्या रत्नम्मांनी मला दुकानात उचललं, उजेडाकडं धरलं, एक डोळा मिटून माझ्यातून आरपार पाहिलं आणि मान हलवली. नोकरी लागली.

रत्नम्मांच्या विहिरीजवळ मेथी, कांद्याची पात आणि मुळा असायचा. आमच्याकडं मेथी कच्चीसुद्धा खातात. मेथी, पात, काकडी बारीक चिरायची, शेंगदाण्याचा कूट, मीठ आणि लिंबू घालायचं. याला पचडी म्हणतात. ती भाकरीबरोबर फार छान लागते, असं सगळे म्हणतात. मी खाल्लेली नाही. माझ्यात काही राहत नाही.

पण पचडीआधीचं काम माझं होतं. रत्नम्मा मेथीची मुळं कापायच्या, पानं मोठ्या पातेल्यात बुडवून हलवायच्या आणि हातानं वर उचलून माझ्यात ठेवायच्या. पातेलं माझ्यावर उपडं कधीच करायच्या नाहीत. कारण माती तळाला बसलेली असते आणि तिला पुन्हा पानांवर यायची फार हौस असते. मग पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचं. तळ स्वच्छ दिसला की शेवटी वरून चांगलं पाणी सोडायचं. ते माझ्या सगळ्या भोकांतून एकदम बाहेर पडायचं, आणि त्या क्षणी मी कारंजं असायची. शेजारच्या तानाबाईंना रत्नम्मा एकदा म्हणाल्या होत्या, की ही रोवळी सुनेपेक्षा बरी. तेव्हा त्यांना सून नव्हती, त्यामुळं स्पर्धा फारशी नव्हती.

पुढं सून आली. रत्नम्मांचा मुलगा गुरु याचं लग्न अकलूजच्या सुकन्याशी झालं. दोघं शहरात, जुळे सोलापूर नावाच्या भागात, फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि रत्नम्मांनी मला त्यांच्याबरोबर धाडलं. थोडे दिवस कौतुक झालं. मग घरात एक गुलाबी प्लास्टिकची टोपली आली आणि मला बाल्कनीत नेऊन माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. चिमट्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण त्यांना धुवावं लागत नाही, आणि ते चावतात.

तरी माझा शनिवार चांगला जायचा. दर शनिवारी रत्नम्मा वळसंगहून एसटीनं भाजीचं गाठोडं घेऊन यायच्या. त्यांची नात काव्या सकाळपासून बाल्कनीत माझ्याशेजारी उभी राहून अज्जीची वाट बघायची. अज्जी यायच्या, स्वतः भाजी धुवायच्या, स्वतः पचडी करायच्या. मग आजी आणि नात एकाच ताटात जेवायच्या. त्या घरातला आठवडा शनिवारीच सुरू व्हायचा म्हणा ना.

रत्नम्मांच्या घरी कानडी बोलायचे, सुकन्याला ते येत नव्हतं. अकलूजला कानडीचा वाराही नाही. पण सासूशी तिच्या भाषेत बोलायचं म्हणून ती एकेक शब्द धरून ठेवायची. सासूला ती अत्ती म्हणायची. तोळ म्हणजे धुणं, हेही ती शिकली होती. घात तिथंच झाला.

एका शनिवारी रत्नम्मांना पाहुण्यांकडं बारशाला जायचं होतं. खाली रिक्षा थांबलेली. त्यांनी दारातच गाठोडं सुनेच्या हातात दिलं, "तोळदिल्ल," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

मित्रांनो, कानडीत तोळदिल्ल म्हणजे धुतलेली नाही. पण सुकन्याच्या मराठी कानाला ऐकू आलं, तोळ, दिलं. धुऊन दिलं. तिला सासूचं किती कौतुक वाटलं म्हणून सांगू. शिवाय गाठोड्याला ओलं फडकं होतं, पानांवर थेंब होते. त्या दिवशी नळाला पाणी यायचं नव्हतं, ड्रममधलं पुरवून वापरायचं होतं. धुतलेली भाजी पुन्हा धुवून पाणी कशाला घालवा? तिनं मेथी चिरली आणि पचडी केली. मला कानडी येत होतं. पण तोंडात चिमटे होते.

दुसऱ्या दिवशी तिघांचीही पोटं बिघडली. माणसं तीन, संडास एक. पुढचं मी सांगणार नाही. अंगाला भोकं असली तरी काही गोष्टी मी धरून ठेवते. काव्याला मात्र सलाईन लावावं लागलं, आणि तेव्हा विनोद सुचण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नक्की कशामुळं ते सांगता येणार नाही, पण कच्ची पालेभाजी नीट धुतलेली नसेल तर असं होऊ शकतं. काव्या बरी झाली. पण घाबरलेल्या गुरुनं फोनवर आईला सांगून टाकलं, की इथून पुढं भाजी आणू नकोस.

रत्नम्मांनी भाजी आणली नाही. आणि स्वतःही आल्या नाहीत.

एक शनिवार गेला, मग दुसरा गेला. काव्या बाल्कनीत उभी राहून माझ्यातले चिमटे एकमेकांना लावत बसायची. तिनं त्यांची एक लांब साखळी केली होती. ती वळसंगपर्यंत जाईल असं तिचं म्हणणं होतं. पुढं चिमटे संपले. मग तिनं अज्जीला फोन केला आणि म्हणाली, भाजी नको आणू, नुसती ये.

रत्नम्मा आल्या, आणि गाठोडं घेऊनच आल्या. ते त्यांनी फरशीवर मधोमध ठेवलं. सगळे त्याच्याभोवती असे उभे राहिले, जणू ते आता काहीतरी बोलणार आहे.

"माझ्या भाजीत काय हाय ते दाखवा," रत्नम्मा म्हणाल्या. "मग मी जाते."

"भाजीला कोण नाव ठेवतंय, अत्ती?" सुकन्या म्हणाली. "तुमी तर धुऊन दिली होती की."

"मी कुटं धुतले?"

"तुमीच दारात म्हणाला न्हवं का. तोळ, दिलं."

गुरुनं चहाचा कप खाली ठेवला. बाल्कनीत मीसुद्धा श्वास रोखला, जितका माझ्यात थांबतो तितका.

"तोळदिल्ल म्हणजे धुतलेली न्हाय गं," रत्नम्मा सावकाश म्हणाल्या. "इल्ल म्हणजे न्हाय. एवढं कानडी शिकलीस आणि न्हाय म्हणायचंच ऱ्हायलं?"

"या घरात मला न्हाय म्हणायची वेळच कुटं येती, अत्ती?"

मग रत्नम्मा इतक्या हसल्या की त्यांना गाठोड्यावरच बसावं लागलं. गुरु बायकोला म्हणाला, मला विचारायचं होतंस. दोघींनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं कप पुन्हा उचलला, तो रिकामा होता, तरी पीत राहिला.

"पण अत्ती, ओली होती की भाजी."

"सुकू नये म्हणून पाणी मारले की. आंघोळ केलेला बी ओला, घामेजलेला बी ओला. दोगं सारखे काय?"

मग त्यांनी विचारलं, रोवळी कुटं हाय? काव्या पळत आली, चिमट्यांची साखळी बाजूला केली आणि मला आत नेलं. आधी मलाच घासलं. मग ड्रममधलं पाणी पातेल्यात घेऊन काव्यानं पानं बुडवली, हलवली, वर उचलली. खाली राहिलेलं पाणी चहासारखं दिसत होतं. सुकन्या त्या पातेल्याकडं बराच वेळ बघत राहिली. ते पाणी कुंडीतल्या तुळशीला गेलं, दुसऱ्या खेपेचंही गेलं. तिसऱ्या खेपेला तळ दिसला, मग वरून स्वच्छ पाणी सोडलं. पुष्कळ दिवसांनी मी कारंजं झाले.

काव्याचं पोट अजून नाजूक होतं, म्हणून तिची मेथी त्या दिवशी शिजवली. तिनं तोंड वाकडं केलं, पण अज्जीच्या ताटातच जेवली.

मित्रांनो, पाला कच्चा खायला माझी ना नाही. पण तो मातीतून येतो, गाडीतून येतो, दहा हातांतून येतो. थेंब दिसले म्हणून फसू नका. कुणी भाजी धुतलीय म्हणालं तरी एकदा पाण्यातून काढा, आणि कुणी परक्या भाषेत म्हणालं तर दोनदा काढा.

परवा शनिवारी रत्नम्मांनी दारात गाठोडं पुढं केलं. त्या बोलायच्या आत सुकन्याच म्हणाली, "तोळदिल्ल." आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "न्हाय." तोवर काव्यानं मला उजेडाकडं धरलं होतं. एक डोळा मिटून तिनं आरपार पाहिलं आणि मान हलवली.

चिमटे आता गुलाबी टोपलीत असतात. ती जरा खचलीय. तिलाही चार भोकं आहेत, म्हणून मी तिला सांगितलंय, आशा सोडू नकोस.